भादवा, कुलरमधली भाटी आणि खालचा धिंगाणा

गॅलरीतून

मंडळी, मी नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात पहिल्या मजल्यावर राहते. परवा मारबत निघाली (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ईडा-पीडा घालवायला पुतळ्यांची मिरवणूक निघते ती) आणि त्याच रात्रीपासून आमच्या गल्लीत कुत्र्यांची जत्रा भरली आहे. एक भुरी कुत्री आणि तिच्यामागे सात-आठ कुत्रे. त्यातले चार आमच्या गल्लीचे, बाकीचे कुठून आले देव जाणे. रात्री दोनला सुरू होतं ते दूधवाला येईपर्यंत. सासूबाई (माहेर काटोलचं) कूस बदलत एवढंच म्हणाल्या, "भादवा लागला. चालायचंच."

हे एक. दुसरं म्हणजे, गॅलरीतला कुलर जूनमध्ये बंद केला तो तसाच पडून होता. काल झाडताना आतून 'फिस्स' आलं. मागची ताटी थोडी सुटली होती, तिथून एक तिरंगी भाटी (म्हणजे मांजरी) आत शिरून ताटीच्या गवतात व्याली आहे. तीन पिल्लं : एक नारिंगी, एक काळं, एक आईसारखं तिरंगी. डोळे मिटलेले. मी टॉर्च मारला तर तिने असं पाहिलं की मीच दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी मागे सरले.

आता प्रश्न. काल सकाळी खाली जोडी अडकली होती. समोरच्या दुकानदाराने बादलीभर पाणी फेकलं, पोट्ट्यांनी दगड मारले. माझ्या मुलाने (पाचवीत आहे) विचारलं, "आई, ते सुटत का नाहीत?" मी म्हटलं, भांडण सुरू आहे त्यांचं. तो म्हणाला, "भांडताना पाठ करून कोण उभं राहतं?" माझी बोलती बंद.

तर हे नेमकं काय असतं, भादव्यातच का, आणि त्या भाटीचं मी काय करू? सासूबाई म्हणतात हात लावू नको, सात घरं फिरवेल.

पिवळी_मारबत

ताई, आमच्या नंदनवनात पण तेच. 'ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत' म्हणता म्हणता घसा बसला, अन् मारबत नेमकी कुत्र्यांना सोडून गेली. रात्रभर भुंकून राहिले नं बे. सकाळी ऑफिसात डोळे लाल, साहेब विचारतो काऊन रे, रात्री कुठं होता?

गोठा_ते_दवाखाना

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या बरोबर आहेत. मी इथल्याच सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलो, आयुष्यभर गुरं तपासली. कुत्री-मांजरं निवृत्तीनंतर मागे लागली.

आधी मुलाचं. त्याचं निरीक्षण पक्कं आहे, त्याला खोटं सांगू नका. कुत्र्याच्या इंद्रियाच्या मुळाशी एक गाठ असते. ती आत गेल्यावर फुगते आणि कुत्रीचे स्नायू तिला आवळून धरतात. मग कुत्रा एक पाय पलीकडे टाकून वळतो, म्हणून पाठीला पाठ. पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत हे चालतं. गाठ उतरली की आपोआप सुटतात. त्या वेळी पाणी फेकलं, दगड मारला की दोघं दोन दिशांना पळायला बघतात आणि आतून फाटतं. असा रक्तबंबाळ कुत्रा माझ्याकडे आणलेला आहे. तुमच्या दुकानदाराला सांगा, शटर अर्धं ओढून घे आणि पंधरा मिनिटं चहा पी.

कुत्रीचा माज साधारण तीन आठवड्यांचा. पहिले आठ-दहा दिवस रक्त जातं, कुत्रे मागे फिरतात पण ती गुरगुरून हाकलते. लोकांना वाटतं भांडणं चालली आहेत. पुढचे आठ-दहा दिवस ती शेपूट बाजूला करते. तिच्या लघवीचा वास लांबवर जातो, त्यामुळे परक्या गल्लीचे पाहुणे येतात. गंमत अशी की कुत्रीचं बीज कच्चंच बाहेर पडतं, पिकायला दोन-तीन दिवस लागतात, आणि कुत्र्याचं बीज आत पाच-सात दिवस टिकतं. म्हणून एकाच विणीतली पिल्लं दोन-तीन बापांची असू शकतात. एक काळं, एक भुरं, एक पट्टेरी निघालं म्हणून कुत्रीला नावं ठेवू नका.

गर्भ सुमारे ६३ दिवसांचा. आज लागली तर कार्तिकात, थंडी सुरू होता होता व्यायची.

शंका_काढू

काका, पण आमची लॅब वर्षातून दोनदा माजावर येते. एकदा मार्चमध्ये आली, मग ऑक्टोबरात. तिला भादवा कळत नाही का?

गोठा_ते_दवाखाना

नाही कळत, तिला रोजच सण आहे. लांडगी वर्षातून एकदाच माजावर येते, हिवाळा सरताना. माणसाच्या आश्रयाने कुत्र्याचं ते घड्याळ सैल झालं. घरातली कुत्री सहा-सात महिन्यांनी कधीही येते. पण आपल्याकडची मोकाट कुत्री बहुतेक करून वर्षातून एकदाच वितात आणि समागमाचा जोर पावसाळा सरताना असतो. 'भादव्यातलं कुत्रं' हा शब्द कुणी पुस्तकात बघून केलेला नाही. गावाने शेकडो वर्षं रात्री जागून केलेली नोंद आहे ती.

शंका_काढू

मग आणखी एक विचारतो. मागच्या खेपेला कुठल्याच कुत्र्याचा संबंध आला नव्हता, तरी दोन महिन्यांनी तिला दूध उतरलं. माझी डाव्या पायाची चप्पल कुशीत घेऊन सोफ्याखाली बसायची. उचलायला गेलो की ओठ वर करायची. उजवी चप्पल तिथेच पडलेली, तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बायको म्हणाली, तुमची बारशाची तयारी करा.

गोठा_ते_दवाखाना

खोटी गर्भारपणं. कुत्रीत फार दिसतात. माज संपला की गर्भ असो-नसो, गर्भ टिकवणारं हार्मोन दोनेक महिने रक्तात तसंच राहतं. ते उतरलं की शरीराला वाटतं आपण व्यालो. लांडग्यांच्या टोळीत एकच जोडी वीत असे आणि बाकीच्या माद्या दाई म्हणून उपयोगी पडत, त्याचा हा अवशेष असावा असं काही जण म्हणतात. चप्पल काढून घेऊ नका, तीन-चार आठवड्यांत ती स्वतःच सोडेल. आचळ चोळू नका, दूध वाढतं.

पण पुढे पिल्लं नको असतील तर ऑपरेशन करून टाका. ऑपरेशन न केलेल्या कुत्रीला वय वाढल्यावर गर्भाशयात पू होतो. माज गेल्यावर महिना-दीड महिन्यात पाणी जास्त पिते, मलूल होते, आणि मग रात्री अकराला फोन येतो.

कोठीघर

ताई, तुमच्या भाटीकडे वळतो, तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही आहे.

कुत्रा माणसाकडे आला तेव्हा माणसाला शेतीही येत नव्हती. जर्मनीत बॉनजवळ १९१४ साली एक थडगं सापडलं, सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्याबरोबर कुत्र्याचं पिल्लू. पिल्लाच्या दातांवरून असं दिसतं की ते बरेच आठवडे आजारी होतं आणि कोणीतरी सेवा केल्याशिवाय एवढं जगलं नसतं. शिकारीला ज्याचा काडीचा उपयोग नाही असं आजारी पिल्लू, आणि त्याला माणसांबरोबर पुरलं.

मांजर आली ती धान्यामागून. शेती सुरू झाली, धान्य साठलं, उंदीर आले, उंदरामागे पश्चिम आशियातली रानमांजर आली. कोणी तिला बोलावलं नाही, कोणी हाकललंही नाही. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेली मांजर सापडली आहे. त्या बेटावर मांजरं मुळात नव्हतीच, म्हणजे कोणीतरी होडीत घालून नेली.

आमच्या गावी कोठीघराला मांजरीपुरतं भोक ठेवलेलं होतं, दाराच्या खालच्या कोपऱ्यात, कडा तेलकट काळी झालेली. आजोबांनी आयुष्यात मांजरीला हाक मारली नसेल, पण दार रंगवताना ते भोक बुजवू दिलं नाही. मला मांजराचं माणसाळणं म्हटलं की सायप्रस नाही, ते भोक आठवतं.

म्हणूनच म्हणतात, कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला. भाडेकरूने घर बदललं की कुत्रा ट्रकमध्ये आधी चढतो, मांजर चार दिवसांनी जुन्या गच्चीवर.

दूधभात

घराला धरून वगैरे ठीक, पण माझ्या मांजराला माझी हाक कळते. आमच्याकडे तीन पिढ्या मांजरं आहेत, दूध-पोळीवर वाढलेली, ठणठणीत. हल्ली लोक दहा रुपयांची पाकिटं चारून लाडावून ठेवतात.

कोठीघर

हाक कळते हो, येणं-न येणं तिची मर्जी. दूध-पोळीचं मात्र पटत नाही. कुत्र्याने माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढली, पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या कितीतरी प्रती त्याच्यात लांडग्यापेक्षा जास्त आहेत. २०१३ साली ते दाखवून दिलं गेलं. तुमच्या भाताला खरा वारस कुत्रा. मांजर आजही निव्वळ मांसाहारी. टॉरीन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळवावा लागतो, नाही मिळाला तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. गोडाची चव तर तिला कळतच नाही, जिभेवरचं ते जनुक मोडलेलं आहे. आणि पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही.

तुमच्या तीन पिढ्या ठणठणीत राहिल्या त्या पाली, उंदीर आणि चिमण्यांवर. ते बिल तुमच्या नावावर फाडलं गेलं नाही एवढंच.

दूधभात

चिमण्यांचं खरं आहे. पिसं सापडायची. गप्प बसतो.

स्कुटीवाली_मनीषनगर

सगळं छान, पण रात्रपाळी करून येणाऱ्यांचं कोणी बोलाल का? मागच्या हिवाळ्यात एका व्यालेल्या कुत्रीने पोटरी फोडली. मी फक्त गाडी पार्क करत होते. आणि तिथेच रोज एक काकू कोंबडीचे पाय टाकतात. २०२२ साली आपल्याच नागपूर खंडपीठाने सांगितलं होतं ना, खाऊ घालायचं तर घरी नेऊन घाला?

पिवळी_मारबत

त्यावर सुप्रीम कोर्टाने महिन्याभरात स्थगिती दिली होती नं ताई. अर्धंच सांगून राहिल्या.

स्कुटीवाली_मनीषनगर

मग काकूंना सांगा माझ्या पाच सुयांचे फोटो बघायला.

धागापाल

कोर्टाचा वेगळा धागा आहे, तिथे या. इथे स्वभावाबद्दल बोलू. डॉक्टरकाका, चावल्यावर काय करायचं ते एकदा सांगून टाका.

गोठा_ते_दवाखाना

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, मनाने नाही. हळद, चुना, मिरची काही नाही. मग थेट मेडिकल किंवा मेयो, म्हणजे सरकारी दवाखाना. दंडात घेत असाल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४, २८ या दिवशी सुया. खोल जखमेला त्याबरोबर वेगळं सीरमही लागतं. मांजर चावली, ओरबाडली तरी हेच. रेबीज झाल्यावर औषध नाही.

स्कुटीवाल्या ताईंचा राग रास्त आहे. व्यालेली कुत्री पिल्लांभोवती कुणालाही येऊ देत नाही, आणि पिल्लं नेमकी पार्किंगमध्ये, जिन्याखाली असतात. पण तिची बाजू पण बघा. कोलकात्याच्या आयसर संस्थेच्या गटाने मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं, त्यातली वयात येईपर्यंत जगली १९ टक्के. मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसामुळे, गाडीखाली किंवा मुद्दाम. तिने गुरगुरायचं नाही तर काय करायचं?

त्याच गटाचा दुसरा प्रयोग असा की मोकाट कुत्र्याला अनोळखी माणसाने रोज खाऊ दिला किंवा रोज फक्त डोक्यावरून हात फिरवला, तर विश्वास जास्त बसला तो हात फिरवणाऱ्यावर. म्हणून काय उद्यापासून सगळ्यांना कुरवाळत सुटू नका.

वाकडं_शेपूट

आता मला माझ्या नावाची लाज राखू द्या. 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच' असं आपण वाईट खोडीच्या माणसाला म्हणतो. पण लांडग्याचं शेपूट सरळ असतं! ते वाकडं झालं कुत्रं झाल्यावर. म्हणजे वाकडं शेपूट हीच सुधारल्याची खूण.

सायबेरियात नोवोसिबिर्स्कला बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञाने १९५९ साली कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला, पुढे ल्युदमिला त्रूत यांनी तो चालवला. निवड एकाच गोष्टीवर, माणसाला कोण कमी घाबरतं, कमी चावतं. रंग नाही, कान नाही. काही पिढ्यांत कोल्हे शेपूट हलवायला, हात चाटायला लागले. आणि न मागता काहींचे कान लोंबले, काहींना पांढरे ठिपके आले, शेपट्या वळल्या. काही माद्या हंगाम सोडून माजावर येऊ लागल्या. शंका_काढूंच्या लॅबचं कोडं इथंच आहे बघा.

कोठीघर

छान जुळवलंत, पण थोडं मीठ घालून. ते कोल्हे रानातून धरून आणलेले नव्हते. त्यांचे पूर्वज कॅनडातल्या फरच्या शेतांवर कित्येक पिढ्या वाढले होते आणि ठिपके वगैरे त्यांच्यात आधीपासून दिसत होते. स्वभाव बदलला हे खरं, पण ठिपके त्या प्रयोगानेच उगवले असं नाही म्हणता येत.

वाकडं_शेपूट

हाओ. पण शेपटाचा शोध माझा मी मागे घेणार नाही.

दुसरं एक घरी करून बघण्यासारखं. डब्यात मटणाचा तुकडा ठेवून झाकण घट्ट लावा. माणसाने वाढवलेला लांडगा शेवटपर्यंत डब्याशीच झगडतो. कुत्रा थोडा वेळ खटपट करतो आणि वळून तुमच्या तोंडाकडे बघतो. हंगेरीतल्या संशोधकांनी २००३ साली हे लांडगे-कुत्रे समोरासमोर ठेवून दाखवलं. आमचा शेरू तर खटपट पण करत नाही, आल्या आल्या सरळ माझ्याकडे. आळशी म्हणा नाहीतर प्रगत.

गॅलरीतून

अपडेट. सात घरं सुरू झाली. आज पहाटे पाचला दात घासत होते. भाटी नारिंगी पिल्लाला मानेला धरून कुलरमधून निघाली आणि कठड्यावरून शेजारच्या गच्चीवर गेली. पिल्लू असं लोंबत होतं जणू ओला मोजा. पाय पोटाशी, शेपूट आत, हूं की चूं नाही. वीस मिनिटांनी आली, काळं नेलं. तिरंगी राहिलंय. दहा वाजले, अजून आली नाही. ते आत कुईकुई करतंय. सासूबाई पाटावर बसून कुलरकडे बघत आहेत. मी उचलू का?

भाटीमाय

ताई, अजिबात नाही! मी धंतोलीत अशी कित्येक वाढवली आहेत. दुपारी उन्हाच्या वेळी त्या बऱ्याचदा थांबतात. गॅलरीचं दार लावा, कुलरवर ऊन येत असेल तर जुनी सतरंजी टाका आणि दूर व्हा. तुम्ही तिथे उभ्या आहात म्हणूनही ती येत नसेल. 'मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत' ते तुम्ही आज पाहिलंत. मानेचं सैल कातडं धरलं की पिल्लू आपोआप गळून जातं. आपण तसं धरायला जाऊ नये, आपल्याला ते जमत नाही.

ती हलवते ती मुख्यतः बोक्याच्या भीतीने. परका बोका पिल्लं मारतो, म्हणजे भाटी लवकर माजावर येते. टॉर्च, झाडू, मुलांची ये-जा हेही कारण. घाण-वास झाला तरी.

रात्री आठपर्यंत आली नाही किंवा पिल्लू गार पडलं तरच हात घाला. आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला पाजलं तर पचत नाही. गायीचं दूध नको, मांजराच्या पिल्लांची पावडर मिळते ती आणून ठेवा.

जीवशास्त्राची_बाई

ती परत येईपर्यंत एक सांगते, मुलालाही सांगा. राहिलेलं तिरंगी पिल्लू मादी आहे. न बघता सांगते. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे तो नारिंगी तरी नाहीतर काळा तरी. मादीकडे दोन, एकावर नारिंगी, दुसऱ्यावर काळा असू शकतो. गर्भातच प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स बंद करून टाकते, कुठे हा, कुठे तो. त्याचे ते ठिपके. पांढरा रंग वेगळ्या जनुकाचा. तिरंगी बोका हजारात एखादा आणि तोही बहुधा वांझ.

दहावीच्या वर्गात मी हे फळ्यावर काढते तेव्हा झोपतात. गल्लीतली मांजर दाखवली की उठतात.

गॅलरीतून

आली!! पावणेसातला. आली ती आधी कुलरच्या वर बसली, माझ्याकडे बघून डोळे हळूच मिटले-उघडले. मग आत गेली. पण तिरंगीला नेलं नाही, उलट तासाभरात काळं परत आणलं आणि मग नारिंगी. तिन्ही पुन्हा कुलरमध्ये. शेजारच्या गच्चीवर एक गालफुग्या बोका फिरतोय, त्याने घाबरली असावी. सासूबाई म्हणाल्या, "सात घरं होती, आपलं पहिलंही आणि सातवंही." रात्री त्यांनी स्वतःची सतरंजी कुलरवर टाकली. आजवर त्यांनी मांजरीला घरात घेतलेलं नाही.

भाटीमाय

तो हळू डोळे मिटणारा प्रकार म्हणजे 'तुझं भय नाही' असं समजा. तुम्हीही तसंच करा, एकटक बघू नका.

आता महत्त्वाचं. साधारण दहाव्या दिवशी डोळे उघडतील. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला तर पिल्लं माणसाळतात, नंतर फार जड जातं. कुत्र्याच्या पिल्लाला ही मुदत जरा जास्त, तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ मुलाला हातात घेऊ द्या. घरं शोधायची असतील तर ही वेळ.

आणि भाटीचं ऑपरेशन. कुत्री भादव्याची वाट बघते, मांजर नाही. दिवस मोठे असले की पुन्हा पुन्हा माजावर येते. तिचं बीज समागम झाल्याशिवाय बहुधा सुटत नाही, बोक्याच्या इंद्रियावरचे काटे त्याचीच कळ. ती किंचाळते ती त्यामुळे. म्हणून नेम सहसा चुकत नाही. पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, आणि ही तिरंगी पोर पाचव्या महिन्यात स्वतः गाभण राहू शकते. हिशोब करा.

गोठा_ते_दवाखाना

बरोबर. पिल्लं दोन महिन्यांची होऊन सुटी खाऊ लागली की भाटीला आणा. आणि घरातल्या कोणी तिला तापाची म्हणून पॅरासिटामॉल देऊ नये, मांजराला ते विष आहे.

भुरीचंही बघा. तिच्या कानाला खाच आहे का? नियमाप्रमाणे ऑपरेशन केलेल्या मोकाट कुत्र्याचा कान खुणेने कापतात, लस देऊन त्याच जागी सोडतात. खाच नसेल तर महापालिकेला कळवा. शेपटाखाली कोबीसारखी लालसर गाठ, रक्त ठिबकतंय असं दिसलं तर तेही सांगा. तो समागमातून पसरणारा कर्करोग. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एका कुत्र्याच्या पेशी आजही कुत्र्याकडून कुत्र्याकडे जात जिवंत आहेत. खामल्यातल्या कुत्र्याची गाठ आणि ब्राझीलमधल्या कुत्र्याची गाठ, दोन्ही त्या एकाच कुत्र्याच्या. सुदैवाने इंजेक्शनांनी बहुतेक वेळा बरी होते.

गॅलरीतून

भुरीच्या कानाला खाच नाही. गाठ नाही. काल दुकानदाराने पुन्हा बादली उचलली तर माझा मुलगा खाली जाऊन त्याला म्हणाला, "काका, गाठ उतरली की सुटतात." दुकानदार बादली घेऊन तसाच उभा. मग माझ्याकडे वर बघितलं. मी आत पळाले.

भाटीसाठी पिंजरा लागेल दोन महिन्यांनी. ती हाताला येणार नाही. कुठे मिळेल?

पिवळी_मारबत

माझ्याकडे आहे नं ताई. जाळीचा, खटक्याचा. बोक्यासाठी घेतला होता, बोका अजून फिरून राहिला. दिवाळीनंतर आणून देतो, व्यनि (खाजगी निरोप) करा.